मागचाच भाग बरा होता

संगणकावर लढाया खेळणाऱ्यांचे ढोबळमानाने दोन प्रकार. पहिल्या प्रकारातल्यांची बोटं माऊसवर थयथय नाचत असतात, पापणी लवायला फुरसत नसते आणि मागून कुणी हाक मारली की ‘मेलो ना तुझ्यामुळे!’ असा आक्रोश होतो. दुसऱ्या प्रकारातला माणूस हनुवटीला हात लावून बसलेला असतो. पडद्यावर काही म्हणता काही हलत नसतं. लांबून बघणाऱ्याला वाटावं, संगणक अडकलाय आणि हा तो सुरू व्हायची वाट बघतोय. प्रत्यक्षात आत इसवी सनापूर्वीचं १८००वं वर्ष चालू असतं आणि भाला घेतलेल्या चार माणसांना टेकडीवर चढवायचं की नदी ओलांडायला लावायचं, यावर खल चाललेला असतो.

हा टर्न-बेस्ड स्ट्रॅटेजीवाला. त्याच्या घरचे संवाद साधारण असे होतात.

‘अरे, पान वाढलंय.’

‘आलो गं आई, एवढी टर्न होऊ दे.’

‘मग थांबव ना तो गेम.’

‘थांबलेलाच आहे.’

आई गोंधळली तर तिचं काही चुकलं नाही. या गेममध्ये आधी आपण आपल्या सगळ्या चाली करायच्या, मग ‘नेक्स्ट टर्न’ दाबायचं, मग बाकीचे राजे आपापल्या चाली करणार. बटण दाबेपर्यंत जग जागच्या जागी उभं. जेवून या, झोपून या, चारधाम करून या. शत्रू सीमेवर ताटकळत राहील, पण एक घर पुढे यायचा नाही. इतका सोशिक खेळ दुसरा सापडणं कठीण. या लाडांना सोकावलेल्या माणसाला एक दिवस कंपनी सांगते, पुढचा भाग येतोय. आणि तिथे मात्र ‘नेक्स्ट टर्न’चं बटण त्याच्या हातात नसतं.

या मंडळींच्या सर्वात जास्त रात्री ज्याने खाल्ल्या, तो गेम म्हणजे ‘सिव्हिलायझेशन’. खेळणाऱ्यांच्या तोंडी नुसतं ‘सिव्ह’. १९९१ साली मायक्रोप्रोझ कंपनीत सिड मायर आणि ब्रूस शेली यांनी तो तयार केला. इसवी सनापूर्वी ४००० मध्ये एक गाव वसवायचं आणि अंतराळयान सुटेपर्यंत राज्य टिकवायचं, एवढीच माफक अपेक्षा. दुसरा भाग १९९६ मध्ये आला, तिसरा २००१, चौथा २००५, पाचवा २०१०, सहावा २०१६ आणि सातवा २०२५. डब्यावर दर वेळी ‘सिड मायर्स सिव्हिलायझेशन’ असंच छापलेलं. वास्तविक दुसऱ्या भागापासून मुख्य मालिकेच्या डिझाइनची धुरा इतरांकडे आहे: ब्रायन रेनॉल्ड्स, सोरेन जॉन्सन, जॉन शेफर, एड बीच. मायर यांचं नाव लग्नपत्रिकेत वरच्या बाजूला छापलेल्या आजोबांसारखं. धावपळ करायची मुला-नातवंडांनी, पण ते नाव नसेल तर कार्याला शोभा नाही.

दोन भागांमधली अंतरं बघा. पाच वर्षं, पाच वर्षं, चार, पाच, सहा आणि मग एकदम आठच्या वर. आठवीत असताना सहावा भाग खेळायला लागलेला मुलगा सातवा येईपर्यंत इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला पोचला. मधल्या काळात त्याला मिसरूड फुटली, एक-दोन प्रेमप्रकरणं होऊन मिटली, आणि ज्या संगणकावर सहावा भाग सुरळीत चालायचा तो आता फक्त विजेचं बिल भरायच्या लायकीचा उरला.

आठ वर्षं तो करत काय होता? तर सहावा भाग खेळत होता. सहाव्या भागात नेहमीच्या गतीने पूर्ण डाव खेळला तर ५०० टर्न होतात. त्यातली एखादी जवळून बघितल्याशिवाय या माणसाची आठ वर्षं कुठे गेली ते कळायचं नाही.

रात्रीचे साडेअकरा. उद्या साडेआठला ऑफिसची बस. आता बंद करायचं, असं ठरलेलं आहे. पण धान्याचं कोठार व्हायला दोन टर्न उरल्यात. ठीक आहे, कोठार झालं की बंद. कोठार होतं, तर लेखनकलेचा शोध लागायला एकच टर्न बाकी. लेखनकला नसलेल्या अवस्थेत प्रजेला सोडून झोपणं मनाला पटत नाही. लेखनकला येते. तेवढ्यात जंगलातून रानटी टोळी निघालेली दिसते आणि वाटेत आपले वसाहतकरी बिनहत्यारी चाललेत. त्यांना मागे घ्यायला दोन टर्न. तोवर पिरॅमिड पूर्ण व्हायला उरतात तीन. साडेबारा वाजतात. दोन उरतात. एक उरते. आणि बटण दाबल्यावर निरोप येतो की कुठल्याशा दूरच्या देशाने पिरॅमिड बांधून पूर्ण केले. जगात ते एकदाच बांधता येतात. आता या अपमानासकट झोप लागणार आहे का? तो दूरचा देश कुठला, तिथे जायला रस्ता कुठून, आपल्याकडे भालेवाले किती, याची चौकशी सुरू होते आणि पहाटे तीनला भलत्याच माणसाशी युद्ध पेटलेलं असतं.

गोम अशी की इथे कुठलंही काम दुसऱ्या कामाबरोबर एकाच वेळी संपत नाही. प्रत्येकाची मुदत वेगळी, त्यामुळे दर टर्नला काहीतरी ‘झालंच आता’ या बेतात असतं. उठायला मोकळी जागाच ठेवलेली नाही. हे कंपनीला पक्कं ठाऊक आहे. चौथा भाग आला तेव्हा २००५ मध्ये ‘सिव्ह’ घडवणाऱ्या फिरॅक्सिस कंपनीने ‘सिव्ह’च्या व्यसनींसाठी व्यसनमुक्ती मंडळ काढल्याची थट्टेची जाहिरातच केली होती. दारूच्या बाटलीवरही इशारा असतो म्हणा, पण तो सरकार छापायला लावतं.

तर पुढच्या भागाची वाट. फेब्रुवारी २०२३ मध्ये फिरॅक्सिसने सांगितलं की नवा ‘सिव्ह’ घडतो आहे. बाकी काही नाही. नाव नाही, चित्र नाही, तारीख नाही. तेवढ्यावर चाहत्याने सव्वा वर्ष काढलं. जून २०२४ मध्ये एका मोठ्या कार्यक्रमात घोषणा व्हायची होती. तिच्या काही तास आधी प्रकाशक टू-के यांच्याच संकेतस्थळावर सातव्या भागाची पाटी चुकून झळकली. हळदीच्या आदल्या दिवशी नवरदेवाने स्वतःच मंडपात येऊन बसावं तसा प्रकार, पण चाहत्यांना त्याचं काही वाटलं नाही. ऑगस्टमध्ये प्रत्यक्ष खेळ दाखवला गेला आणि मग खऱ्या अर्थाने पारायणं सुरू झाली. व्हिडिओ थांबवून थांबवून बघायचा, कोपऱ्यातलं अर्धवट दिसणारं चिन्ह मोठं करायचं, ते हत्तीचं आहे की कढईचं यावर दोन दिवस घालवायचे. घरातल्या लाईट बिलावरची थकबाकी ज्याला दिसत नाही, त्याला ट्रेलरमध्ये अर्धा सेकंद दिसलेल्या जहाजावरून शतक ओळखता येतं.

याच सुमारास दोन प्रतिज्ञा होतात. एक म्हणजे, आगाऊ पैसे भरून घ्यायचा नाही. लोक काय म्हणतात ते बघू, सेल लागला की घेऊ. दुसरी म्हणजे, जुन्या भागाला रीतसर निरोप द्यायचा, एक शेवटचा डाव. पहिली प्रतिज्ञा तारीख जवळ आली की मोडते. दुसरी मोडत नाही, कारण शेवटचा डाव कधी संपतच नाही.

सातवा भाग ११ फेब्रुवारी २०२५ ला आला. साधी आवृत्ती ७० डॉलरची. त्याहून महागड्या दोन, १०० आणि १३० डॉलरच्या. महागडी घेणाऱ्यांना पाच दिवस आधी, ६ तारखेपासून खेळायची मुभा. म्हणजे गेममधल्या चुका सगळ्यांच्या आधी शोधायचा मान जास्त पैसे मोजणाऱ्यांना मिळाला, आणि त्यांनी तो मान मनापासून बजावला. मेनू अर्धवट वाटतात, माहिती हवी तिथे सापडत नाही, अक्षरं ओबडधोबड दिसतात, अशी झोड उठली. कंपनीनेही मेनूंबद्दलच्या तक्रारी मान्य करून दुरुस्त्या सुरू केल्या. पण खरा घाव वर्मी बसला होता तो दुसरीकडे. या भागात प्राचीन, शोधयुग आणि आधुनिक असे तीन कालखंड केलेत आणि प्रत्येक कालखंड संपला की आपली संस्कृती बदलावी लागत होती. सहा हजार वर्षं एकाच झेंड्याखाली काढायची सवय असलेल्या माणसाला ऐन भरात सांगितलं, आता तुम्ही रोमन नाही, दुसरं काहीतरी निवडा.

मग सुरू झालं ते अपेक्षित होतं: सहावा भाग कसा सोन्यासारखा होता! मेलेल्या म्हशीला मणभर दूध. सहावा भाग आला तेव्हाचं कुणी आठवत नाही. २०१६ मध्ये त्याच्या भडक, गोबऱ्या चित्रांकडे बघून हेच लोक म्हणत होते की हा मोबाइलवरचा पोरांचा खेळ झाला, पाचव्याची सर नाही. आणि पाचवा? २०१० मध्ये पाचव्याने धर्म आणि हेरगिरी काढून टाकली, एका घरात एकच लष्करी तुकडी असा नियम आणला, चौकोनी घरांची षटकोनी केली. चौथ्यावाले खवळले. चौथ्यात एकाच घरात अख्खी फौज कोंबून शत्रूवर ढकलून देता यायची. तो आनंद गेला. दोन वर्षांनी पुरवणी आली, तीत धर्म आणि हेर परत आले, थोड्या पैशात. तेव्हापासून पाचवा भाग ‘खरा सिव्ह’ झाला, तो सहावा येईपर्यंत. सातवा आल्यानंतर कित्येक महिने स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानावर सातव्यापेक्षा सहावा आणि पाचवाच जास्त लोक खेळत होते. म्हणजे ज्याची आठ वर्षं वाट पाहिली तो आल्यावर माणूस परत वाट पाहताना जो खेळत होता तोच खेळायला गेला.

मायर यांनी पुढच्या भागासाठी एक हिशेब घालून दिलाय असं सांगतात: एक तृतीयांश जुनं तसंच ठेवायचं, एक तृतीयांश सुधारायचं आणि एक तृतीयांश संपूर्ण नवं. कागदावर झकास आहे. अडचण अशी की चाहत्याच्या मते जे ठेवलं ते टाकायला हवं होतं, जे टाकलं ते ठेवायला हवं होतं आणि जे नवं आहे ते कुणी मागितलं होतं? शिवाय हा चाहता हिशेबाच्या बाबतीत भरवशाचा नाही, हे मायर यांना फार आधी कळलेलं. २०१० मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत गेम घडवणाऱ्यांपुढे केलेल्या भाषणात त्यांनी एक किस्सा सांगितला होता. लढाईत आपली ताकद तीन आणि समोरच्याची एक असेल, तर चारातून एकदा हरणं गणिताने बरोबर. पण खेळून बघणारे चिडले. तीन म्हणजे तीन, हरलोच कसे? उलट एकास तीन असताना जिंकले की कुणाची तक्रार नाही; ते आपलं युद्धकौशल्य. मग दोनास एक असताना हरले, तर म्हणाले, ठीक, चालायचंच. आणि विसास दहा असताना हरले, तर परत आरडाओरड. का? तर वीस हे दहापेक्षा फारच जास्त असतात. शेवटी मायर यांनी गणित सोडून दिलं आणि माणसाला जे बरोबर वाटतं ते गेममध्ये घातलं.

याच गणिताने चाहता पुढच्या भागाची वाट बघतो. मागचे तीन भाग सुरुवातीला फसलेले होते, तेव्हा हा फसणं शक्य नाही.

बरं, ‘सिव्ह’वाले त्यातल्या त्यात नशीबवान. ‘जॅग्ड अलायन्स’चा दुसरा भाग १९९९ मध्ये आला आणि तिसरा २०२३ मध्ये, बल्गेरियातल्या हेमिमाँट गेम्सकडून. चोवीस वर्षं! दुसरा भाग कॉलेज बुडवून खेळलेल्या माणसाने तिसरा विकत घेतला तेव्हा त्याचीच मुलं कॉलेज बुडवत होती. ‘मास्टर ऑफ ओरायन’चा तिसरा भाग सात वर्षांनी, २००३ मध्ये आला आणि इतका रटाळ निघाला की लोकांना आकाशगंगेचं राज्य नको, पण हे तक्ते आवरा असं झालं. निन्टेन्डोच्या ‘अॅडव्हान्स वॉर्स’ची नवी आवृत्ती एप्रिल २०२२ मध्ये यायची होती, त्याआधी रशियाने युक्रेनवर हल्ला केला आणि गोंडस रणगाड्यांचा खेळ विकणं बरं दिसेना, म्हणून ती एक वर्ष मागे गेली. आणि ‘एक्सकॉम’? दुसरा भाग २०१६ चा. त्याचे कर्ते जेक सॉलोमन यांनी २०२३ मध्ये कंपनी सोडली. तिसऱ्याचं नाव काढलं की ‘एक्सकॉम’वाला नुसता खिडकीबाहेर बघतो. परग्रहवासीयाच्या छातीला बंदूक टेकवून ९५ टक्के नेम दाखवत असताना चुकण्याची त्याला सवय आहे. आशा कशी धरायची नाही हे त्याच्याकडून शिकावं.

‘सिव्ह’च्या भारतीय चाहत्याची वाट बघण्यामागे आणखी एक चिंता असते, या खेपेला आपल्याला काय करून ठेवलंय? पहिल्यापासून सहाव्या भागापर्यंत भारताचे नेते गांधीजी. आणि हे गांधीजी अणुबॉम्ब टाकतात ही जगभरची लाडकी दंतकथा. सांगायचे ते असं: गांधीजींची आक्रमकता सगळ्यात कमी, एक, लोकशाही आल्यावर त्यातून दोन वजा होतात, संगणकाला उणे एक कळत नाही, म्हणून आकडा फिरून २५५ वर जातो आणि महात्मा बटण दाबतात. इतकी ऐटदार कथा खोटी असूच नये. पण मायर यांनी २०२० च्या आत्मचरित्रात स्पष्ट लिहिलं की असा दोष गेममध्ये नव्हताच. पाचव्या भागात मात्र जॉन शेफर यांनी गंमत म्हणून गांधीजींची अणुबॉम्बची हौस मुद्दाम वाढवून ठेवली. आधी अफवा, मग तिच्यावरून वस्तुस्थिती.

चौथ्या भागात भारताची खासियत म्हणजे ‘फास्ट वर्कर’, कामावर झपाट्याने पोचणारा मजूर. ज्याच्या घराचं रंगकाम दिवाळीपासून चालू आहे त्याने हे वाचून काय समजावं?

सातव्या भागात नेता आणि संस्कृती यांची फारकत झाली. कुणीही कुणाचंही राज्य चालवावं. चोळांच्या आरमाराला बेंजामिन फ्रँकलिन हुकूम देताना दिसला तर दचकायचं नाही. गांधीजी सुरुवातीच्या यादीत नव्हते, अशोक होता, आणि तोही दोन रूपांत: जग जिंकणारा आणि जग त्यागणारा. भारताची वाटचाल अशी लावली होती की प्राचीन काळात मौर्य, शोधयुगात चोळ आणि आधुनिक काळात मुघल. शेवटचा शब्द वाचून महाराष्ट्रातल्या अनेक खेळाडूंनी चष्मा पुसून परत वाचलं. आधुनिक काळात मुघल? मग अठराव्या शतकात दिल्लीचा कारभार कुणाच्या तंत्राने चालला होता? ‘एम्पायर: टोटल वॉर’ने २००९ मध्येच मराठा संघ खेळायला दिला होता, थेट युरोपात उतरायची सोय होती, ते ब्रिटिश कंपनीला सुचलं आणि अमेरिकन कंपनीला सुचू नये? अटकेवर समाधान न मानणारे कितीतरी लोक तेव्हा माऊस घेऊन टेम्सच्या काठी पोचले होते.

त्यावर थोडी फुंकर पडली ती २०२५ मध्येच आलेल्या पैशाच्या पुरवणीने. तीत नेत्यांमध्ये झाशीच्या राणी लक्ष्मीबाई आल्या. लगेच आठवण करून दिली गेली की त्या माहेरच्या तांबे, सासरच्या नेवाळकर, आणि नेवाळकर मूळचे रत्नागिरीकडचे. कंपनीला हे ठाऊक असो-नसो, रत्नागिरीला ठाऊक आहे. आणि फारकतीचा नियम इथे एकदम गोड लागायला लागला, कारण आधुनिक कालखंडात ग्रेट ब्रिटन ही संस्कृतीही पुरवणीत विकत मिळते. म्हणजे पैसे मोजायची तयारी असेल तर राणी लक्ष्मीबाईंना ग्रेट ब्रिटनच्या गादीवर बसवता येतं. संस्कृती बदलायच्या नियमाला महिनोन्‌महिने नावं ठेवणाऱ्यांनी एवढ्यापुरता तो नियम माफ केला.

२०२५ संपता संपता कंपनीने सांगितलं की एकच संस्कृती शेवटपर्यंत खेळता यावी यासाठी काम चालू आहे. म्हणजे चाहते मागत होते ते जुनंच नवं म्हणून येणार होतं. सातव्याला शिव्या घालणाऱ्यांच्या आवाजात तेव्हापासून किंचित मार्दव आलंय. ‘तसा वाईट नाहीये रे, अजून दोन पुरवण्या येऊ देत,’ इथपर्यंत मजल गेली आहे. पाचव्या आणि सहाव्याच्या वेळी याच वाक्यापासून प्रेमाला सुरुवात झाली होती.

आठव्या भागाची घोषणा झालेली नाही. त्याने मराठी चाहत्याचं काही अडत नाही. त्याच्या मनातल्या मराठा संस्कृतीचा नेता ठरलेला आहे, त्यावर चर्चा नाही. भांडण पुढे सुरू होतं. खास तुकडी म्हणून स्वतःचा घोडा असलेला शिलेदार घ्यायचा, की सरकारी घोड्यावरचा बारगीर? बारगीर घेतला तर घोड्यांचा खर्च तिजोरीवर पडतो, शिलेदार घेतला तर तो पगार जास्त मागतो. दोन्ही बाजूंनी आकडेमोड तयार आहे. खास बांधकाम म्हणजे अर्थातच गड. जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी भूप्रदेश म्हणून बारा किल्ले युनेस्कोच्या यादीत गेल्यापासून या पक्षाला चांगलाच जोर चढलाय. फक्त गडाचा फायदा डोंगराच्या घरावर मिळावा की किनाऱ्याच्या, यावर एकमत होत नाही. सह्याद्रीवाले राजगडाचं नाव घेतात, कोकणातले सिंधुदुर्ग सोडायला तयार नाहीत, आणि बारातला एक जिंजी तमिळनाडूत आहे, तेव्हा दोन्हींचा फायदा मिळायला हवा असं म्हणणारा तिसरा गट नुकताच उभा राहिला आहे.